आचारी, आचार्य आणि अर्धा र

अण्णाकाकांनी २००१ साली आमचा कुळवृत्तांत टाईप केला. बँकेतून रिटायर झाल्यावर गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे रोज दुपारी दोन तास बसायचे, असं वर्षभर. पंचवीस प्रती छापून वाटल्या आणि फाईल फ्लॉपीवर जपून ठेवली. "पुढच्यांना भर घालता आली पाहिजे," म्हणायचे. काका २०११ साली गेले. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून मेलवर अशी फिरत फिरत ती फाईल गेल्या दिवाळीत चुलतभावाने मला पाठवली. सोबत एकच ओळ: "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा."

उघडली. पहिल्या पानावर गणपतीला वंदन असायला हवं, तिथे इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं! कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखं. गंमत म्हणजे फाईल बिघडलेली नव्हती. आतला एकही आकडा हललेला नव्हता. नव्हता तो फक्त फॉन्ट.

त्या काळात मराठी टाईप केलेल्यांना हे दुखणं ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा तक्ता आधी ठरावा लागतो. इंग्रजीपुरता तो 'आस्की' या नावाने १९६३ सालीच ठरला. त्यात ६५ म्हणजे कॅपिटल ए. देवनागरी फॉन्टवाल्यांनी यावर सोपी युक्ती काढली. आकडे इंग्रजीचेच ठेवायचे, चित्रं तेवढी बदलायची. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या घरात अर्धा ग बसवायचा, दुसऱ्याच्या घरात काना, तिसऱ्याच्या घरात वेलांटी. पडद्यावर आणि कागदावर सुंदर मराठी दिसे, पण मशीनच्या लेखी ते इंग्रजीच. त्यात प्रत्येक कंपनीची घरवाटणी वेगळी. फॉन्ट गेला की मजकूर मुका.

छापखान्याच्या दृष्टीने यात काही चुकीचं नव्हतं. शिशाचे खिळे जुळवणारा तरी वेगळं काय करत होता? त्यालाही आकाराशीच मतलब. छापून झालं की काम संपलं. पंचाईत होते ती मजकूर छापायचा नसून शोधायचा, बदलायचा, दुसऱ्याला पाठवायचा असतो तेव्हा.

हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झालं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' नावाने वाढलं. त्यातूनच 'इस्की' हा तक्ता आला. १९८८ साली एक रूप, १९९१ साली भारतीय मानक म्हणून पक्कं. त्यामागची कल्पना मला अजूनही फार आवडते: आकाराला नव्हे, वर्णाला आकडा द्या. 'कि' लिहिताना वेलांटी आधी काढली तरी उच्चारताना क् आधी आणि इ नंतर, म्हणून साठवतानाही तसंच. क्ष म्हणजे क, हलन्त, ष. जोडाक्षर कसं दिसावं ते फॉन्ट बघून घेईल. शिवाय आपल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्याच लेकी, तेव्हा एकाच आकड्याचा क देवनागरीत दाखवा नाहीतर बंगालीत. थोडक्यात, ज्याने बाराखडी मांडली त्याचंच डोकं.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ सालची. तिने देवनागरीसाठी १९८८च्या इस्कीचीच मांडणी उचलली. पण नुसता तक्ता असून भागत नाही, जोडाक्षरं जुळवणारं यंत्रही लागतं. विंडोज २००० मध्ये ते 'मंगल' फॉन्टसकट आलं, पण घरोघरी आणि दुकानोदुकानी तेव्हा विंडोज ९८ चालू होतं. काकांनी २००१ साली डीटीपीवाल्याकडे होता तो फॉन्ट वापरला. दुसरं काय करणार होते?

असो. मी चार रविवार घालवून एक कन्व्हर्टर लिहिला. कुठल्या चिन्हाखाली कुठला तुकडा लपलाय याचा तक्ता केला. वेलांटी उचलून व्यंजनामागे नेली, रफार उचलून अक्षराआधी आणला. गणपतीबाप्पा प्रकट झाले. स्वतःवर खूश होऊन फाईल सगळ्या नातेवाईकांना पाठवून दिली. कौतुक झालं. आठवड्याने आत्याचा फोन. जुनी छापील प्रत शेजारी घेऊन बसली होती.

"अरे, माझे आजोबा आचार्य कधी झाले?"

"म्हणजे?"

"इथे छापलंय आचाऱ्याचे काम करीत. तुझ्यात आलंय आचार्याचे. अरे, ते कऱ्हाडला पंगतींसाठी बुंदी पाडायचे!"

झालं होतं असं की जुन्या फॉन्टमध्ये अर्ध्या 'ऱ'ला स्वतंत्र घर होतं. मी त्याचं भाषांतर 'र आणि हलन्त' असं केलं. पुढे य आला की युनिकोडच्या नियमाप्रमाणे त्याचा रफार होतो. दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचा दर्या झाला आणि पणजोबांचा आचार्य. हिंदीला या अर्ध्या ऱ ची गरज पडत नाही, आपलं मात्र त्यावाचून अडतं. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे, पण दोन रस्त्यांनी: नुक्तेवाला ऱ घेऊन हलन्त द्या, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. आत आकडे वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने 'कऱ्हाड' शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचं सापडेलच याची खात्री नाही. 'ॲडव्होकेट'मधल्या ॲ ला तर स्वतःचा आकडा मिळायला २००८ साल उजाडलं. तोवर अ वर चंद्र ठेवून काम भागवत होतो.

मला टोचलं ते वेगळंच. पंचवीसेक जणांनी ती फाईल पाहिली आणि आत्या सोडून कुणालाच पणजोबांची बढती खटकली नाही. मलाही नाही! आणखी दहा वर्षांनी नातवंडांनी "आमचे खापरपणजोबा आचार्य होते" असं अभिमानाने सांगितलं असतं, आणि दाखवायला लेखी पुरावाही असता. भर उन्हात कढईसमोर उभं राहून ज्यांनी घर चालवलं, ते एका हलन्तापायी पुसले गेले असते.

आता सगळे अर्धे ऱ छापील प्रतीशी ताडून पाहिलेत आणि एकाच पद्धतीने घातलेत. आत्याने बुंदीची पूर्ण हकीकत फोनवर सांगितली, तीही जोडली. काकांच्या स्वतःच्या नोंदीत जन्मसालापुढे एक रेघ आणि कोरी जागा होती. त्यांनीच ठेवलेली. तिथे २०११ टाईप केलं.

नवी फाईल पाठवतोय. जुनी कृपया पुसून टाका. आणि कुणाकडे अशा आणखी फ्लॉप्या, सीड्या पडून असतील तर फेकू नका, मला कळवा. छापील प्रत असेल तर तीही हवीच.