टाकून देण्याआधी पाहिलेली नळी

हार्ट अ‍ॅटॅकच्या रुग्णाला सलाइनमधून स्ट्रेप्टोकायनेज देतात. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या या औषधाचं कूळ शोधत गेलं, की आपण पोहोचतो घसा धरणाऱ्या एका जंतूपाशी. स्ट्रेप्टोकोकस त्याचं नाव. सूक्ष्मदर्शकाखाली तो मण्यांच्या माळेसारखा दिसतो. 'स्ट्रेप्टोस' म्हणजे ग्रीकमध्ये वळलेला, पीळ दिलेला.

1933 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. विल्यम टिलेट या जंतूवर काम करत होते. हा जंतू रक्तद्रवातलं फायब्रिनोजेन ओढून घेत असेल, आणि तसं असेल तर जंतू मिसळलेला रक्तद्रव गोठणार नाही, अशी त्यांची अटकळ. काही नळ्यांत जंतू घातले, काही तशाच ठेवल्या आणि गोठवण्यासाठी कॅल्शियम मिसळलं. थोड्याच वेळात सगळ्या नळ्या गोठल्या. अटकळ चुकली होती. नळ्या तिथंच राहिल्या. टाकून देण्याआधी त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या, तर जंतू नसलेल्या नळ्यांत गुठळी घट्ट होती आणि जंतूंच्या नळ्यांत तिचं पाणी झालं होतं. जंतूंनी गोठणं थांबवलं नव्हतं. गोठलेलं विरघळवलं होतं.

जंतू आत शिरला की शरीर त्याच्याभोवती फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणतं. त्या जाळ्यातून निसटण्याचं जंतूचं हत्यार टिलेट यांच्या हाती लागलं. ते चालतं कसं, हे 1940च्या दशकात उलगडलं. हा पदार्थ स्वतः जाळं तोडत नाही. आपल्याच रक्तात निद्रिस्त असलेल्या प्लास्मिनोजेनला तो जागं करतो, आणि त्यातून तयार झालेलं प्लास्मिन धागे तोडतं. म्हणून त्याच्या नावात 'कायनेज' आलं: चालना देणारा.

1949 साली न्यूयॉर्कमध्ये टिलेट आणि सॉल शेरी यांनी फुप्फुसाभोवती साकळलेलं रक्त आणि पू विरघळवण्यासाठी हे औषध रुग्णांना दिलं. 1958मध्ये शेरी आणि सहकाऱ्यांनी ते हार्ट अ‍ॅटॅकच्या रुग्णांना शिरेतून दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तरीही औषध रुळलं नाही. अ‍ॅटॅक नेमका कशामुळे येतो, यावरच डॉक्टरांचं एकमत नव्हतं.

हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर साचतो हे जुनंच ज्ञान. त्या थराला अथेरोमा म्हणतात, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे पेज. वरून पातळ साय धरलेली, आत मऊ पेज असावी, तसाच तो थर असतो. ती साय फाटली की आतला ऐवज रक्ताला लागतो. रक्ताला ती जखम वाटते, आणि जखम बुजवायला जी गुठळी धरते तीच वाहिनी बंद करते. गुठळीने अ‍ॅटॅक येतो हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1912मध्येच मांडलं होतं. पण गुठळी हे अ‍ॅटॅकचं कारण नसून परिणाम आहे, असं 1970च्या दशकातही काही नामवंत विकृतिशास्त्रज्ञ म्हणत. शवविच्छेदनात गुठळी कधी सापडे, कधी नाही. 1980मध्ये अमेरिकेत मार्कस डीवूड यांनी जिवंत रुग्णांची अँजिओग्राफी ऐन अ‍ॅटॅकमध्ये केली. पहिल्या 4 तासांत तपासलेल्या 126 रुग्णांपैकी 110 जणांची वाहिनी पूर्ण बंद होती. वाद मिटला.

मग इटलीत 'जिस्सी' चाचणी झाली. 1986मध्ये तिचे निष्कर्ष आले: सुमारे 11,700 रुग्णांपैकी औषध न मिळालेल्यांत 13 टक्के दगावले, मिळालेल्यांत 10.7. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत तर मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. दोन वर्षांनी 'आयसिस-2' चाचणीत 15 लाख युनिट स्ट्रेप्टोकायनेज तासाभरात दिलं आणि जोडीला महिनाभर अ‍ॅस्पिरिन. मृत्यू 13.2 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर उतरले.

आज जिथं सोय आहे तिथं अँजिओप्लास्टी सरस ठरते. गुठळीवर अधिक नेमकी चालणारी नवी औषधंही आली. त्यांतलं टेनेक्टेप्लेज पुण्याच्या हिंजवडीत जेनोव्हा कंपनी तयार करते. या सगळ्या औषधांनी मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून रुग्ण पारखूनच ती दिली जातात. पण अँजिओप्लास्टी करणारी कॅथलॅब दोन-तीन तासांवर असलेल्या गावात जवळच्या दवाखान्यातलं हे इंजेक्शनच हृदयाचा स्नायू वाचवतं.

नळीतल्या त्या पाण्यापासून जिस्सीपर्यंत 53 वर्षं गेली. ती कारण शोधण्यात गेली, वाया नाही गेली. आपल्या घरात मात्र छातीत कळ आली, घाम फुटला, की 'गॅस असेल' म्हणत ओवा चावण्यात तास जातो. जिस्सीत मृत्यू निम्म्यावर आणणारा तास तोच होता.