राजगडावरचा पालथा जन्म

वेल्हे परिसर आपण राजगड आणि तोरणा या दोन किल्ल्यांवरून ओळखतो. या गडांवर मसलती झाल्या, तशी बाळंतपणेही झाली. इतिहास लिहिताना मात्र ती आमच्या ध्यानी राहत नाहीत.

२४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर सोयराबाईंच्या पोटी राजाराम जन्मले. मूल पालथे उपजले, म्हणून भोवतालची मंडळी चिंतेत पडली. हा पुत्र दिल्लीची पातशाही पालथी घालील, असे शिवाजी महाराज म्हणाले, ही हकीकत सभासद बखरीत येते. बखर राजारामांच्याच आज्ञेवरून लिहिली गेली, तेव्हा तिच्यात थोडी सजावट असेल. तरीही अपशकुनाचे भय बापाच्या एका वाक्याने घालवल्याची अशी नोंद आपल्या जुन्या गद्यात विरळाच.

एरवी बाप दूर असतो. जिजाबाई गरोदर असताना शहाजीराजांनी त्यांना शिवनेरीवर सुरक्षित ठेवले आणि आपण मोहिमेवर गेले. ती बेपर्वाई नव्हती; सुरक्षित जागा शोधून देणे हीच त्या काळी बापाची काळजी. संभाजीराजे १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मले. सईबाईंची प्रकृती ढासळलेली, म्हणून भोर भागातल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी त्यांना दूध पाजले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी, अफझलखानाची स्वारी डोक्यावर असताना, सईबाई राजगडावर वारल्या. पायथ्याच्या पाल गावी त्यांची समाधी आहे.

धर्मशास्त्राने पतीला इतके दूर ठेवले नव्हते. सीमंतोन्नयनात पत्नीचा भांग पतीनेच पाडायचा असतो. गर्भिणीच्या पतीने क्षौर, दूरचा प्रवास, प्रेतवहन टाळावे, असेही नियम होते. पुढे रूढीने डोहाळजेवण बायकांकडे सोपवले, पहिले बाळंतपण माहेरी नेले, आणि पती बारशाचा पाहुणा झाला. आमच्या मते पुरुषाचा स्वभाव नव्हे, ही व्यवस्थाच त्याला दाराबाहेर ठेवत आली.

सह्याद्रीच्या वाड्यांत मात्र त्याला बाहेर राहणे परवडत नसे. रस्ता नाही तिथे अडलेल्या बाईला डोलीत घालून खाली आणायचे ते पुरुषांनीच. खांदा देणाऱ्यांत नवराही असे, पण तपासणीच्या खोलीपाशी त्याचे काम संपे.

आज अडचण निराळी आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. पत्नीसोबत जायचे तर रोजंदारीवरच्या नवऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. जो पुण्या-मुंबईस कामाला आहे, त्याचा प्रवासखर्च वेगळाच. घरात सासू असताना तू कशाला, हा प्रश्नही येतोच. केंद्र सरकारी नोकराला १९९७ पासून पितृत्वाची १५ दिवसांची रजा मिळते. आषाढात भातलावणीला गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या वेल्ह्याच्या शेतकऱ्याने ती रजा कोणाकडे मागायची?