अळवावरचे पाणी आणि रॉचेस्टरचा लेझर

१/
क्षणभंगुरतेसाठी मराठीने अळवावरच्या पाण्याची उपमा निवडली. ते पाणी पानावर ठरत का नाही, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. १९९७ मध्ये बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमळाच्या पानावरून तो मांडला : पानावर सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर मेणाचा थर असतो. थेंब उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो, खाली हवा राहते. अळवाचे पानही याच प्रकारचे.

२/
धातूला हाच गुण देणाऱ्या तंत्राचे मूळ मात्र एका ‘बिघाडा’त आहे. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाचा पहिला लेझर चालवला. १९६५ मध्ये मिल्टन बर्नबॉम यांना अशाच लेझरने इजा झालेल्या अर्धवाहकांवर समांतर रेघा दिसल्या. त्यांनी त्याची नोंद ‘पृष्ठभागाची हानी’ म्हणून केली. हानीतही इतकी शिस्त असावी, हे नवलच!

३/
लांब स्पंदांनी धातू वितळतो आणि नक्षी बिघडते. हवे होते अतिलघु, पण तीव्र स्पंद. १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी युक्ती काढली : स्पंद आधी ताणायचा, मग त्याची शक्ती वाढवायची, शेवटी पुन्हा आवळायचा. २०१८ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

४/
असा स्पंद फेम्टोसेकंदांत मोजतात. १ फेम्टोसेकंद आणि १ सेकंद यांचे प्रमाण म्हणजे १ सेकंद आणि सुमारे ३.२ कोटी वर्षे. उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच स्पंद संपलेला असतो.

५/
त्याच रॉचेस्टरमध्ये २००९ साली अनातोली व्होरोब्येव आणि चुनलेई ग्वो यांनी धातूवर लेझरने समांतर खाचा कोरल्या. पत्रा उभा धरला, तरी द्रव गुरुत्वाकर्षण झुगारून सेकंदाला सुमारे १ सेंटिमीटर वेगाने वर चढला. हा धातू अळवाच्या नेमका उलट वागला : तो द्रव पीत होता.

६/
येथे केवळ नक्षीला श्रेय देणे घाईचे ठरेल. त्याच वर्षी कॅनडात आन-मारी कीत्सिग आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की लेझरने कोरलेला ताजा धातू पाणी ओढतो. पण हवेत काही दिवस राहिला, की त्यावर कार्बनी संयुगे साचतात आणि तो पाणी झिडकारू लागतो. पानावरच्या मेणाची जागा इथे हवेने भरून काढली.

७/
२०१५ मध्ये व्होरोब्येव-ग्वो जोडीने प्लॅटिनम, टायटॅनियम आणि पितळ यांवर अळवाचा गुण उतरवला. थेंब आपटून उसळू लागले, घरंगळताना धूळही नेऊ लागले. टेफ्लॉनचा थर दिलेल्या पृष्ठभागावरून पाणी ओघळण्यास सुमारे ७० अंशांचा उतार लागे. इथे ५ अंशही पुरले. या संशोधनाला गेट्स फाउंडेशनचे साहाय्य होते, कारण पाणीटंचाईच्या प्रदेशांत धुण्यास पाणी न लागणारी शौचालये घडवण्याची आशा होती.

अडचण वेळेची होती. १ इंच लांब, १ इंच रुंद तुकडा कोरण्यास तेव्हा १ तास लागे. शौचालयाच्या एका भांड्याला किती तास लागले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.