भागमती : इतिहास आणि कल्पित

भागमती : हैदराबादचा संस्थापक मुहम्मद कुली कुतुबशाह (राज्यकाल १५८०–१६१२) याची प्रेयसी म्हणून प्रसिद्ध असलेली नर्तकी. हैदराबादचे आधीचे नाव भागनगर हे तिच्यावरूनच पडले, अशी परंपरा आहे. ती खरोखर होऊन गेली की नाही, यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

इतिहासकार हारून खान शेरवानी यांनी तिला दंतकथेत जमा केले. तिच्या नावाचा शिलालेख नाही, कबर नाही.  या सुलतानाच्या ज्ञात नाण्यांवर भागनगर ही टांकसाळ आढळत नाही. दरबारी तवारीखही गप्प आहे. मात्र नर्तकीचा उल्लेख गाळण्याचे कारण दरबाराकडेच असणार, म्हणून या मौनाला फार वजन देता येत नाही. उलट अकबराचा वकील फैजी, इतिहासकार निजामुद्दीन अहमद आणि विजापूरचा फिरिश्ता हे तिघे सुलतानाचे समकालीन. तिघेही तिचे नाव घेतात. फैजीचा सूर तर हेटाळणीचा आहे. तिघेही परक्या दरबारांतले, तेव्हा ऐकीव बातमीची शक्यता उरते. पण ती बातमी त्याच काळातली आहे. इतिहासलेखक नरेंद्र लूथर यांनी या साक्षींच्या आधारे तिचे अस्तित्व मान्य केले.

भागमतीला भेटायला पुराचे पाणी तुडवत मुसी नदी ओलांडणारा राजपुत्र मुहम्मद कुली आणि काळजीपोटी बापाने बांधलेला पूल, ही गोष्ट मात्र निराळी. तो पूल, म्हणजे पुराना पूल, १५७८चा. तेव्हा राजपुत्र जेमतेम बारा-तेरा वर्षांचा होता. कादंबरीकार त्याचे वय खुशाल वाढवील, त्यात गैर काही नाही. तीच गोष्ट पर्यटकांना पुलाचा इतिहास म्हणून सांगणे गैर.

मराठी कागदपत्रांत आणि बखरींत हे शहर भागानगर म्हणून येते. निजामाविरुद्ध हिंदुमहासभेने १९३८-३९ मध्ये केलेला लढाही ‘भागानगर निःशस्त्र प्रतिकार’ या नावाने ओळखला गेला. यातून शहराचे नाव पक्के होते. बाईच्या अस्तित्वाचा पुरावा मात्र यातून मिळत नाही.

मराठीत इतिहास आणि कल्पित यांच्यातील या वादाचे भान हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकलेले विचारवंत नरहर कुरुंदकर यांना चांगले होते. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरील कादंबरीला त्यांची दीर्घ, पत्ररूप प्रस्तावना आहे. कादंबरीच्याच दाराशी इतिहासाची अशी झाडाझडती घेणारा मजकूर भागमतीच्या कथांना कुणी जोडला असता, तर पुलाची तारीख तिथेच तपासली गेली असती.