जाम, पेरू आणि गोडंबी

गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीला आम्ही गाणगापूरला जाऊन आलो. गोव्यातल्या भाविकांना ही वाट काही नवी नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण मठात पादुकांचे दर्शन, माधुकरी आणि परत. परतताना गुलबर्ग्यात सौ.च्या मावशीकडे दोन दिवस मुक्काम केला. (२०१४ पासून सरकारी कागदावर कलबुर्गी. पण आमच्या तोंडी अजून गुलबर्गाच!) मावशीचे सासर आळंद तालुक्यातले. घरात मराठी, दारात कानडी, बाजारात दखनी. तिन्ही भाषा ती सारख्याच झोकात बोलते.

संध्याकाळी मावशीबरोबर बाजारात गेलो. एका हातगाडीवर पेरूंचा ढीग होता. मी भाव विचारला तर गाडीवाला म्हणाला, "जाम लेव साब, मीठे हैं."

मला हसू आले. आमच्याकडे जांब म्हणजे ते पाणीदार, गुलाबी-पांढरे, घंटेच्या आकाराचे फळ. हा माणूस पेरूला जाम म्हणतो! मी मावशीला हळूच म्हटले, "याला फळांची नावे माहीत नाहीत वाटते." मावशी म्हणाली, "जावईबापू, आम्ही पण जांबच म्हणतो. पेरू तुमचा!"

आता मी कला शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्याने कारकून. शब्दाची नोंद चुकीच्या रकान्यात दिसली की मला झोप लागत नाही. घरी आल्यावर पुस्तके काढून बसलो, तेव्हा कळले की चुकीच्या रकान्यात मीच होतो.

पेरू हे मूळचे अमेरिका खंडातले फळ. इंग्रजीतला 'ग्वाव्हा' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा, तो स्पॅनिशमधून इंग्रजीत गेला. पोर्तुगीजांनी हे फळ आपल्याकडे आणले आणि आपला 'पेरू' आला तो त्यांच्या 'पेरा' या शब्दावरून. पेरा म्हणजे नासपती. (पेरू देशावरून हे नाव आले असे आम्हाला शाळेत कोणीतरी सांगितले होते. पण आपल्या कोकणीतला 'पेर' ऐका, पेराच्या किती जवळचा आहे!) कानडीतला 'पेरल' याच घरातला. आता गंमत पाहा. उत्तरेत पेरूला 'अमरूद' म्हणतात. हा फारसी शब्द, आणि फारसीत अमरूद म्हणजे काय? पुन्हा नासपतीच! लिस्बनच्या माणसाला आणि फारसी बोलणाऱ्याला, दोघांनाही पेरू पाहून नासपतीचीच आठवण झाली.

या दोन वाटा आपल्या इतिहासातल्याही आहेत. बहमनी सल्तनत १३४७ साली गुलबर्ग्याला उभी राहिली, पुढे राजधानी बिदरला गेली. तिथला वजीर महमूद गावान हा मूळचा इराणातल्या गिलानचा. त्याने १४७२ साली आपला गोवा विजयनगरकडून जिंकून घेतला. म्हणजे एके काळी आमच्या मांडवीकाठचा कारभार बिदरहून चाले! पुढे गोवा विजापूरकडे गेला आणि १५१० साली अल्बुकर्कने घेतला. दख्खनच्या फारसी दरबारांच्या काळात अंजीर, तुती, टरबूज, खरबूज हे शब्द रुळले. गोव्याच्या धक्क्यावरून पपई, अननस, काजू आणि पेरू हे शब्द वर चढले. पपईला तर कानडीत 'परंगी हण्णु' असेही म्हणतात. परंगी म्हणजे फिरंगी. सरळ हिशेब!

मग तो जाम कुठून आला? तेलुगूतही पेरू म्हणजे 'जाम', आणि मराठवाडा-विदर्भात 'जांब'. हा आपल्या जुन्या जंबूच्या, जांभळाच्या कुळातला शब्द. इथल्या लोकांनी परके फळ पाहिले आणि त्याला जांभळाचा भाऊबंद ठरवले. आज वनस्पतिशास्त्र काय सांगते? पेरू, जांभूळ आणि जांब ही तिन्ही एकाच कुळातली झाडे आहेत. नासपतीचे कूळ निराळे, ती सफरचंदाची बहीण. म्हणजे दर्यावर्दी चुकले, दरबारी चुकले, आणि ज्याच्या अडाणीपणाला मी हसलो त्या गाडीवाल्याचा शब्द बरोबर निघाला.

एवढ्यावर भागले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण दुसऱ्या दिवशी सुक्या मेव्याच्या दुकानात मावशीने काजू मागितले, तेव्हा दुकानदार कानडीत 'गोडंबी' म्हणाला. मी चमकलो. मराठीत गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बाळंतिणीच्या लाडवात घालतात तो. बिब्बा म्हणजे ज्याच्या काळ्या चिकाने परीट कपड्यांवर खुणा करीत, आणि जो अंगाला लागला तर फोड उठतात. काजू तर आम्हा गोवेकरांचा अभिमान! त्याला बिब्ब्याच्या पंगतीला बसवायचे म्हणजे काय?

पण कानडी माणसाने एकट्याने हे केलेले नाही. कारवार-मंगळूरकडच्या कोकणी सारस्वत घरांत ओल्या काजूगराला 'बिब्बो' म्हणतात. म्हणजे इकडे बिब्बो, तिकडे गोडंबी, दोन्हीकडे बिब्ब्याचेच नाव. आणि काजू व बिब्बा खरोखरच एका कुळातले, आंब्याच्या कुळातले. दोघांची बी फळाच्या टोकाला बाहेर लटकते, दोघांच्या टरफलात अंग भाजणारा चीक. काजू भाजताना ज्यांचे हात पोळले त्यांनी हे नाते कोणत्याही पुस्तकाशिवाय ओळखले. ब्राझीलच्या तुपी लोकांचा 'अकाजू' पोर्तुगीजांनी 'काजू' करून आणला, इंग्रजांनी त्याचा 'कॅश्यू' केला. ते नाव समुद्रावरून आले, पण नाते इथे जुळले.

इंग्रजांचे पाहा. त्यांनी सीताफळाला कस्टर्ड ॲपल म्हटले, कवठाला वुड ॲपल, जांबाला रोझ ॲपल, आणि आवळ्याला इंडियन गूजबेरी. यातले एकही सफरचंदाच्या किंवा गूजबेरीच्या नात्यातले नाही. अर्थात त्यांनाही दोष देता येत नाही, कारण जुन्या इंग्रजीत 'ॲपल' म्हणजे कुठलेही फळ. आणि 'बेरी' आपल्या बोरावरून आला असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. बोर संस्कृत 'बदर'पासून, बेरी जर्मानिक भाषांतून. नुसते कानाला सारखे लागतात एवढेच.

हे सगळे वाचताना मला बाबांची आठवण झाली. बाबा मुक्तीपूर्वी पोर्तुगीज शाळेत दोन-तीन इयत्ता शिकलेले. ते संत्र्याला शेवटपर्यंत 'लारांज' म्हणत. कॉलेजात असताना मला शुद्ध मराठीचे भारी वेड. एकदा चार पाहुण्यांसमोर मी त्यांना म्हटले, "बाबा, पोर्तुगीज ६१ सालीच गेले, आता तरी संत्रे म्हणा." ते एवढेच म्हणाले, "नांव बदलल्यार गोडी बदलता काय रे?" त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तो शब्द उच्चारला नाही.

आज कळते की पोर्तुगीज 'लारांजा' आला अरबी 'नारंज'वरून, तो फारसी 'नारंग'वरून, आणि तो आपल्या संस्कृत 'नारंग'वरून. त्याच्याही मुळाशी दक्षिणेतला, सुगंध या अर्थाचा द्राविडी शब्द असावा असे भाषातज्ज्ञ मानतात. इंग्रजांचे 'ऑरेंज' त्याच वाटेने गेले, फक्त वाटेत फ्रान्स-इटलीकडे त्याचा 'न' गळला. म्हणजे आपलाच शब्द जगभर फिरून, पोर्तुगीज गलबतात बसून बाबांच्या तोंडी परत आला होता. आणि मी त्याला परका म्हणून घराबाहेर काढले.

असो. ही चूक बाबांसमोर कबूल करायला आता उशीर झाला. गुलबर्ग्याहून निघताना मात्र त्या गाडीवाल्याकडे पुन्हा गेलो आणि दोन किलो घेतले. मागताना 'जाम'च म्हटले.