ओकच्या झाडाखालची अळंबी

कॅनबेरा, ऑस्ट्रेलिया. 31 डिसेंबर 2011. पुढे दिलेले तास डेथ कॅप या अळंबीच्या विषाचे आहेत. त्या रात्री पंगतीला बसलेल्यांच्या घड्याळात ते थोडे पुढेमागे झाले असतील, पण क्रम सहसा बदलत नाही.

जेवणाआधी

ओकच्या झाडाखाली अळंबी उगवली आहे. फिकट हिरवट टोपी, खाली पांढरे पडदे, देठावर झालरीसारखं कडं. ती खुडणारा माणूस व्यवसायाने आचारी, मूळचा चीनचा. भाताच्या पेंढ्यावर वाढणारी अळंबी त्याच्याकडे घरोघरी खातात. तीच ही, असं त्याला वाटलं असावं, असं नंतर मानलं गेलं. गफलत समजण्यासारखी आहे. लहानपणी दोन्ही अळंब्या अंड्यासारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्यावर दोघींच्या बुडाशी फाटकी पिशवी उरते.

मला इथे थांबावंसं वाटतं. नवशिका म्हटलं की आपल्याला काहीच न कळणारा माणूस आठवतो. असा माणूस बहुधा घाबरून लांबच राहतो. खरा धोका असतो तो अर्धं जग ओळखणाऱ्याला. कोकणात श्रावणात वारुळावर अळंबी उगवली की आमची मावशी अंधारातच टोपली घेऊन निघायची. टोपीचं मधलं टोक, वारुळात खोल गेलेलं लांब मूळ, ठरलेली जागा, ठरलेला महिना. तिचा अंदाज कधी चुकला नाही. पण ती जाणकारी त्या चार वारुळांपुरती होती. मावशीला मेलबर्नच्या बागेत सोडलं असतं तर तीही नवशिकीच.

कॅनबेरात पाहायचं होतं ते झाडाकडे. पेंढ्यावरची अळंबी कुजक्या काडीकचऱ्यावर जगते, तर डेथ कॅप जिवंत मुळांशी सोयरीक करते. ही अळंबी मूळची युरोपातली, आणि कॅनबेरा वसवताना युरोपातले ओक रांगेने लावलेले. रोपांच्या मुळांसोबत आलेल्या पाहुणीला सावली आयती मिळाली.

आणखी एक खूण होती. टोपी कापून कागदावर पालथी घालायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर ठेवायची. पेंढ्यावरच्या अळंबीच्या बीजाणूंची भुकटी गुलाबीसर पडते, डेथ कॅपची पांढरी. या एका खुणेवर कुठलीही अळंबी खायला घेऊ नये, पण ही जोडी तिने वेगळी झाली असती. भुकटी पडायला सहा ते बारा तास लागतात. हा आकडा लक्षात ठेवा.

तास 0

भाज्यांबरोबर परतलेली अळंबी ताटात येते. चव छान लागते. वाचलेल्यांनी अनेकदा तसंच सांगितलं आहे. शिजवून, वाळवून किंवा गोठवून हे विष मरत नाही. चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे निर्धास्त, गोगलगाय खाते म्हणजे माणसालाही चालेल, या कसोट्या इथे पार निकामी. गोगलगाय डेथ कॅप मजेत खाते. माणसाच्या जिवावर बेतायला मात्र एक मोठी अळंबीही पुरते.

तास 1 ते 6

काहीच होत नाही. गप्पा होतात, नव्या वर्षाच्या शुभेच्छा होतात, झोप लागते. आतड्यातून अमाटॉक्सिन हे तिचं विष रक्तात उतरतं आणि यकृताच्या पेशीत शिरतं. पेशी प्रथिनं बनवण्यासाठी जनुकांच्या नकला काढते. त्या काढणारं यंत्र हे विष अडवून धरतं. नवीन माल बंद, जुन्या साठ्यावर काम चालू.

तास 6 ते 12

कागदावर भुकटी पडायला लागणारा वेळ तो हाच.

तास 12

उलट्या, पोटात मुरडा, भाताच्या पेजेसारखे जुलाब. दोष बहुतेक वेळा कालच्या शिळ्या मटणाला किंवा दारूला दिला जातो. अळंबीचं नाव निघतच नाही, कारण ती खाऊन अर्धा दिवस उलटलेला असतो. नाव निघालंच, तर डॉक्टर उरलेला तुकडा मागतात, कचऱ्याच्या डब्यातला असला तरी चालतो. म्हणजे खुडताना करायची ओळख आता, सूक्ष्मदर्शकाखाली.

तास 24 ते 48

पोट शांत होतं. रोगी उठून बसतो, चहा मागतो, घरी सोडा म्हणतो. या आजाराचा सगळ्यात क्रूर भाग मला हाच वाटतो. रक्ततपासणीत यकृताचे आकडे चढत असतात. विष पित्तातून आतड्यात येतं, तिथून पुन्हा यकृतात जातं, रहाटगाडग्यासारखं. ते तोडायला कोळशाची पूड देतात, सलाइन लावतात, आणि दुधी काटेरी या युरोपीय रोपापासून काढलेलं सिलिबिनिन शिरेतून देतात. हमखास उतारा कुठलाच नाही.

तास 72 नंतर

डोळे पिवळे. रक्त गोठेना. मग गुंगी, बरळणं. या टप्प्यावर अनेकदा एकच वाट उरते, दुसऱ्याचं यकृत.

कॅनबेराच्या रुग्णांना सिडनीला हलवलं होतं. जानेवारी 2012 च्या पहिल्याच आठवड्यात तो आचारी आणि त्याच्या स्वयंपाकघरात काम करणारी एक स्त्री, दोघंही तिथे दगावले. त्याच ताटातलं खाल्लेला तिसरा माणूस वाचला.

ओक तिथेच आहेत. पाऊस झाला की खाली पुन्हा हिरवट टोप्या दिसतात.