पंचांगावरचा अंगठा

दिवाळीत नात जांबेला आली होती. ती न्यायसहायक विज्ञान शिकते आणि सध्या एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप करते. कागदावरचे न दिसणारे बोटांचे ठसे दिसते करायचे, हे तिचे काम. मी म्हटले, शाई नसताना ठसा कसला? "आजोबा, घाम पुरतो," म्हणाली.

घामातली अमिनो आम्ले कागदाच्या तंतूंत मुरतात. ओल उडून जाते, ती मात्र राहतात. कागद कोरडा राहिला तर कित्येक वर्षे. त्यावर निनहायड्रिन लावले की ठसा जांभळा होऊन वर येतो. हे रसायन केंब्रिजमध्ये रूहमान यांना १९१० साली सापडले. कातडीला लागले की डाग पडतो, हेही त्यांना दिसले होते. तरी ठशांसाठी ते वापरावे हे सुचायला १९५४ साल उजाडले, आणि सुचले ते स्वीडनच्या दोघांना!

मग मी तिला आमच्या देशातली गोष्ट सांगितली. १८९७ साली बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यात चहामळ्याच्या एका व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला. त्याच्या सामानात निळ्या वेष्टनाचे बंगाली पंचांग होते आणि त्यावर रक्ताचे पुसट डाग. त्यातला एक निघाला उजव्या अंगठ्याचा. कोलकात्याला अंगुलीमुद्रा केंद्र त्याच वर्षी सुरू झाले होते. कांगाली चरण हा त्याचा जुना नोकर पूर्वी चोरीत शिक्षा भोगून आलेला, त्यामुळे त्याचा ठसा तिथे होता. जुळला. कोर्टाने १८९८ मध्ये चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनातून मात्र सोडले. पाहणारा साक्षीदार नव्हता ना. एका अंगठ्यावर माणसाला फासावर द्यायला ते कचरले, आणि मला वाटते, बरोबरच केले.

ठशांची वर्गवारी तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली. १०२४ कप्पे! नाव जगभर झाले ते साहेबाचे, हेन्रीचे. मी इतकी वर्षे इतिहास शिकवला, पण ही दोन नावे वर्गात एकदाही घेतली नाहीत. मलाच ठाऊक नव्हती. असो.

पंचांगावरून आठवले. माळ्यावरच्या पेटीत वडिलांचे एक जुने पंचांग आहे. आईला अक्षरओळख नव्हती, पण एकादशी कुठल्या रकान्यात असते ते तिला कळायचे. बोट ठेवून ती वडिलांना विचारायची. मी नातीला ते काढून दाखवले. यातून तिचे बोट निघेल का गं?

"निघेलही. पण तिचेच हे कशावरून ठरवणार? जुळवायला दुसरा ठसा हवा."

तो होता. जमिनीच्या खरेदीखतावर आईचा अंगठा आहे, निळ्या शाईतला, छान उठलेला. पण तो डाव्या हाताचा. आणि पंचांगावर ती बोट ठेवायची ते उजवे.

शिवाय निनहायड्रिनने कागद जांभळा होतो, तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, हे तिने सांगितले. मी पंचांग फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. नातीने हात लावण्याआधी हातमोजे घातले होते, ते मी नंतर लक्षात घेतले. मी मात्र उघड्या हाताने पाने चाळत बसलो होतो.